टॉवेल आधी हातात दे

अरे, खरेदीदारांना दाखवायच्या तुझ्या टॉवेलच्या प्रेझेंटेशनमधल्या पहिल्या सात स्लाइड कारखान्याच्या इतिहासातच गेल्या. आजोबांनी अक्कलकोट रोडला चार माग टाकले, हे ऐकायला खरेदीदार येत नाही. (सांगायला बरं वाटतं, मान्य.) त्याला जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) किती, रंग टिकतो का आणि माल कधी हातात पडेल, एवढंच हवं असतं.

मी सुरुवातीलाच ४०० आणि ६०० जीएसएमचे दोन टॉवेल टेबलावर फिरवतो. लोक टॉवेलवरचे लूप (धाग्याचे फासे) चिमटीत धरून बघायला लागले की पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये ‘बी’ दाबायचं, पडदा काळा होतो. तेवढा वेळ गप्प बस. तुला जड जाईल ते. आणि सोलापुरी टेरी टॉवेलच्या जीआय मानांकनाची (म्हणजे हा माल सोलापूरचाच, या सरकारी नोंदीची) स्लाइड शेवटी टाकलीस, ती दराच्या स्लाइडआधी घे.