पेन ४२ दाखवतो आणि तरी शाई निघते, त्याबद्दल

तुम्ही लिहिलंत: पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं) झाकण, शाई धरावी म्हणून प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा झोत) मारल्यावर डाइन पेनाने (पृष्ठभागावर द्रव पसरतो का ते दाखवणारा पेन) ४२ डाइन, आणि आठवडाभराने पॅड प्रिंटिंगवाल्याचा (मऊ रबरी पॅडने छापणाऱ्याचा) निरोप की टेप लावून ओढली की शाई निघून येतेय. वाचून जुना राग वर आला, म्हणून जरा लांबण लावतो. मी केमिस्ट नाही, भोसरीत मोल्डिंग-प्रिंटिंग करणारा माणूस. तुमच्या शाईला सगळंच लागू पडेल असं नाही.

नोझलचं अंतर वगैरे तुम्ही पाहिलंच असणार. मुद्दा असा की ४२ म्हणजे त्या घडीला त्या जागी द्रव पसरतोय, बास. साधं पीपी ३० च्या आसपास असतं, म्हणून ४२ दिसले की आपण खूश. पण द्रव पीपीवर पसरतोय की पीपीवर बसलेल्या सिलिकॉनवर, हे पेनाला कुठून कळणार? मोल्ड रिलीजचा, म्हणजे पार्ट साच्यातून सहज सुटावा म्हणून मारतात तो, सिलिकॉन स्प्रे प्लाझ्माने उडून जात नाही. त्याचा वरचा थर काचेच्या जातीचा होतो आणि पाणी मस्त धरतो. शाई त्या थराला घट्ट बसते आणि थरासकट निघते.

आमचं खरं नुकसान केलं एका टेस्टिंग लॅबने. नाव घेत नाही. कोरे पार्ट दिले, प्लाझ्मा, प्रिंटिंग, क्रॉस-कट (शाईवर चौकटी कापून ती किती सुटते ते बघायची चाचणी) सगळं त्यांच्याकडेच. रिपोर्ट आला: आयएसओ २४०९ प्रमाणे ०, म्हणजे सगळ्यात चांगला शेरा. झालं, मोल्डिंग निर्दोष ठरलं आणि सगळे प्रिंटरच्या मागे लागले. शाई बदलली, हार्डनर (शाई कडक करणारं मिश्रण) बदलला, लॉट परत येतच राहिले. शेवटी तिथल्याच एका टेक्निशियनशी चहा पिताना कळलं की पार्ट आले की ते आधी हेक्झेनने (सिलिकॉन काढून टाकणारा द्रावक) स्वच्छ पुसून घेतात. नेहमीची पद्धत! रिपोर्टमध्ये त्याचा एक शब्द नाही. जाब विचारला तर म्हणे, ‘जसा आला तसा तपासा’ असं तुम्ही लिहून दिलं नव्हतं. वर फेरतपासणीचं बिल वेगळं. तोवर गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. त्यामुळे लॅबला पार्ट देताना पुसायचं नाही हे चलनावरच लिहा.

तुमच्याकडे मोल्डवर स्प्रे मारतात का, हे सुपरवायझरला नाही, रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारा. मोल्ड साफ करून, स्प्रे बंद ठेवून थोडे पार्ट काढा, प्लाझ्मा मारा आणि लगेच छापा. ते टिकले तर शाईला दोष देऊ नका. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून भागेल असं समजू नका, सिलिकॉन त्यात नीट विरघळत नाही. हेक्झेन वापरणार असाल तर नोझलपासून लांब, भडकतं ते. आणि पुसायचं ते प्लाझ्माच्या आधी. नंतर पुसलंत तर केलेलं काम फडक्यावर.

हे बिनस्प्रेचे पार्टसुद्धा आठवडाभर ठेवल्यावर सुटले, तर मग दिवसांचा दोष. प्लाझ्माचा असर उतरत जातो, उन्हाळ्यात गोदामात जास्तच. पीपीच्या ग्रेडमध्ये स्लिप अ‍ॅडिटिव्ह (प्लास्टिक गुळगुळीत राहावं म्हणून घातलेलं द्रव्य) असेल तर तेही हळूहळू वर येतं. माझं मत विचाराल तर प्लाझ्मा एका गावात आणि छपाई दुसऱ्या गावात हा धंदाच चुकीचा. मशीन प्रिंटिंगच्या शेजारी हवं. खर्चाचं गणित तुमचं तुम्ही बघा.

असर टिकावा म्हणून स्पीड कमी करून प्लाझ्मा जास्त मारू नका. वरच्या साखळ्या तुटून सुटा थर तयार होतो. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून पुन्हा पेन लावा. आकडा बराच पडला तर जास्त मारलंय.

जाता जाता: पेनाची एक्स्पायरी बघा, पेन लावलेला पार्ट छपाईला पाठवू नका, आणि बऱ्याच पेनांत फॉर्मामाइड असतं, तेव्हा हातमोजे घाला.

निघालेल्या शाईच्या उलट्या बाजूचा फोटो आणि पीपीचा ग्रेड नंबर टाका, मग पुढचं बोलू.