आधी झाड बघ

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि तू कोरलेल्या, मोडलेल्या लाकडी चमच्यांचे तिन्ही फोटो मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण पहिले दोन दिवस मी चिडलेलो होतो. तुझ्यावर नाही, "माझ्या हातात ती कलाच नसावी बहुतेक" या तुझ्या वाक्यावर. हे वाक्य मी आयुष्यात फार ऐकलं आहे, बरेचदा स्वतःच्याच तोंडून. तेव्हा धीर वगैरे देत बसत नाही. तो तुझ्याकडे आहे. नसता तर एकाच जागी तीनदा मोडल्यावर चौथा तुकडा हातात घेतला नसतास.

फोटो मोठा करून बघ. तिन्ही चमचे मानेशी मोडलेत, वाटी जिथे दांड्याला मिळते तिथे. आता ते मोडलेलं तोंड बघ. तिरकं, आखूड, जवळजवळ गुळगुळीत. सरळ तंतूंचं लाकूड असं मोडत नाही. त्याची लांब लांब कुसळं निघतात, अर्धं मोडलं तरी अर्धं धरून राहतं, शेवटी पिळून तोडावं लागतं. तुझ्या चमच्यात तंतू दांड्याच्या लांबीने धावतच नव्हते. मानेपाशी ते तिरके होऊन कडेने बाहेर पडत होते. तिथे एक तंतू दुसऱ्याला नुसता चिकटलेला, आरपार धरून ठेवणारं काही नाही. तू चाकू लावायच्या आधीच तो चमचा मोडलेला होता म्हण.

आणि असं का झालं तेही तूच लिहिलंयस: "छान कापीव फळी मिळाली." फळी! अगं, करवतीला झाडाशी काही देणंघेणं नसतं. ती नाकासमोर जाते. झाड नाकासमोर वाढत नाही. ते थोडा पीळ घेतं, गाठीला वळसा घालतं, उजेडाकडे झुकतं. करवत हे सगळं छाटत जाते आणि वर फळी मात्र सरळसोट दिसते. त्याऐवजी ओंडक्याच्या तोंडावर कुऱ्हाडीचं पातं टेकव आणि वरून मोगरी मार. चीर तंतूंच्या वाटेनं जाते, तंतू वळले की तीही वळते. फोडलेला तुकडा वेडावाकडा दिसतो, पण त्याची ती वाकडी बाजूच खरी. त्या वाकडेपणातून चमचा शोधायचा. वळलेली फांदी मिळाली तर दिवाळीच समज, कारण वाटीपासून दांड्यापर्यंतचा बाक झाडानेच घालून दिलेला असतो आणि तंतूही त्याच बाकातून गेलेले असतात.

तुझ्या पत्रात "लाकूड" हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजले. "झाड" फक्त एकदा, तेही शेवटी, तक्रारीच्या सुरात. त्याकडे येतोच. पण माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे आणि पुढची चार पानं मी तेच घोकणार आहे: आधी झाड बघ.

चाकू कोणता, हा तुझा पहिला प्रश्न. सरळ आखूड पात्याचा एक, वाटी कोरायला वाकड्या पात्याचा एक आणि एका हाताने पेलेल अशी कुऱ्हाड. झालं. धार मात्र रोज लाव. बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लावला की हात घसरतो. मांड्यांच्या बेचक्यात लाकूड धरून कोरू नकोस. मांडीच्या आतून मोठी धमनी जाते, तिथे चुकायची सोय नाही. पातं अंगाकडे ओढताना कोपर बरगडीला टेकलेलं ठेव, म्हणजे हात तिथेच अडतो, पातं पोटापर्यंत पोचत नाही. हत्यारांबद्दल एवढं पुरे. लोक त्यावर तासन्‌तास बोलतात, कारण हत्यारं विकत मिळतात. झाड बघायला सवड काढावी लागते.

"लाकूड पूर्ण वाळवूनच कोरायचं ना?" नाही. ओलंच कोरायचं. ओलं लाकूड चाकूला मऊ लागतं, ढलपी लांब आणि न तुटता निघते. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. आधी पोकळीतलं जातं, तोवर लाकूड जराही आकसत नाही. पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्क्यांवर आलं की भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि मग आकसणं सुरू होतं. तेही सगळीकडे सारखं नाही. खोडातल्या वर्षावर्षाच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या जवळजवळ निम्मंच मध्यापासून सालीच्या दिशेने. म्हणून अख्खा गोल ओंडका वाळला की त्याला चीर पडतेच. वर्तुळाला लहान व्हायचं असतं आणि आतलं लाकूड होऊ देत नाही. ओंडका आला की त्याच दिवशी मधून फोड, मधोमध जो भेंडासारखा ठिपका असतो तो काढून टाक. ढोबळ आकार तासून झाला की तो आपल्याच ढलप्यांत पिशवीत घालून ठेव, सावकाश वाळू दे.

हे मला कसं कळलं ते सांगतो. सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय माझा हट्ट तुला कळणार नाही.

तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेन. दहा-बारा चमचे बरे जमले होते आणि डोक्यात हवा गेली होती. ओळखीच्या एका गृहस्थांच्या आवारात तुतीचं जुनं झाड होतं. एक फांदी वाळलेली. त्यांनी मला सहज विचारलं, आतून पोकळ असेल का रे? मी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने खोडावर दोन-तीनदा ठोकलं, कान लावला, जाणत्याचा चेहरा केला आणि म्हणालो, "वाटतंय खरं." मला तसं वाटत नव्हतं. मला ते झाड हवं होतं.

झाड पाडलं. कापलेलं तोंड भरीव, हळदीसारखं पिवळं, ओलं. पोकळी सोड, बोट जाईल एवढं छिद्रही नाही. ते गृहस्थ बराच वेळ त्याकडे बघत उभे राहिले आणि काही न बोलता घरात गेले. मी वर्तुळं मोजली. एक्केचाळीस. ते झाड माझ्याहून वयाने मोठं होतं.

पुढे ऐक. एवढं ओलं लाकूड एका माणसाने वाळायच्या आत कोरायचं म्हणजे अशक्य. मी पंधरा दिवस रात्रंदिवस कोरत होतो. बाकीचे ओंडके न फोडता उन्हात तसेच पडलेले. रात्री त्यांना तडे जायचे त्याचा आवाज घरात यायचा, कोणी बोटं मोडावीत तसा. एका अख्ख्या झाडातून बावीस चमचे निघाले. बाकीचं सरपण. त्यातले दोन चमचे मी त्या गृहस्थांना नेऊन दिले. त्यांनी ठेवून घेतले. वापरलेले मात्र मला कधी दिसले नाहीत. खिडकीत उभे होते. तुतीचं लाकूड उजेडात पिवळ्याचं तपकिरी होत जातं. दर वेळी गेलो की ते जरा जास्त काळवंडलेले दिसायचे.

तेव्हापासून चमच्यासाठी झाड पाडायचं नाही हे ठरलं. वादळात मोडलेली फांदी, छाटणीची फांदी, दुसऱ्याच कारणाने पडलेलं झाड. आणि ते झाड उभं असताना किंवा निदान त्याचा बुंधा तरी मी डोळ्यांनी बघितलेला हवा. या नियमाची किंमत आहे, खोटं कशाला बोलू. आडवी फांदी स्वतःचं वजन पेलत वाढते. रुंद पानांच्या झाडांत तिच्या वरच्या अंगाला ताण घेणारं वेगळंच लाकूड तयार होतं. ते चाकूखाली कापसासारखं पिंजतं आणि वाळताना चमच्याला मुरड पाडतं. माझे कितीतरी चमचे असे मुरडले. पण मुरडला तर का मुरडला ते मला सांगता येतं, कारण फांदी कुठल्या अंगाने झुकली होती ते मी बघितलेलं असतं. तुला तुझ्या फळीबद्दल काय सांगता येतं?

माझ्यासोबत शिकलेल्या एकाने पुढे यंत्र घेतलं. तासाला ढीगभर चमचे. मला म्हणाला, भागीत ये. मी नाही म्हणालो. नंतर एकाने दोनशे चमचे मागितले, सगळे एकसारखे हवे होते. त्यालाही नाही म्हणालो. घरी काय झालं असेल ते तू कल्पना कर. त्या वर्षी मुलाची फी उसन्या पैशांनी भरली. बायको आजही म्हणते की तुझा नियम आम्ही सगळ्यांनी मिळून पाळला. खरं आहे. पण मी तरी काय करणार होतो? दोनशे चमचे म्हणजे फळ्या, फळ्या म्हणजे कुठलं झाड ते माहीत नाही, आणि ते एकदा सोडलं की माझ्याकडे उरत काय होतं? हात तर सगळ्यांनाच असतात. त्या मित्राचे चमचे मोडत नाहीत म्हणे. मोडतील कसे, बोटाएवढे जाड असतात! असो. हे सगळं तुला का सांगतोय, माहीत नाही. त्याला सांगायचं राहून गेलं होतं बहुधा.

तुझा शेवटचा प्रश्न, ज्यात "झाड" हा शब्द आला. "झाडांशी नातं वाटतं म्हणून मी कोरते, पण हातात येतं ते तर मेलेलं झाड. हा ढोंगीपणा नाही का?"

पहिलं म्हणजे, उभ्या हिरव्या झाडाचंही बहुतेक लाकूड मेलेलंच असतं. सालीखाली एक अगदी पातळ थर असतो, तो आतल्या बाजूला लाकूड घालतो आणि बाहेरच्या बाजूला साल. वाढ तिथे. पाणी वर नेणाऱ्या नळ्या मेल्यावरच नळ्या होतात. पेशी आतून रिकामी झाल्याशिवाय पाणी जाणार कुठून? तेव्हा मेलेलं-जिवंत ही वाटणी झाडाच्या बाबतीत आपल्याइतकी सोपी नाही.

दुसरं. फान हेल्मोंट नावाच्या माणसाने 200 पौंड वाळवलेल्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड झालं 169 पौंडांचं, माती कमी झाली जेमतेम 2 औंस. हे त्याच्या मृत्यूनंतर 1648 साली छापलं गेलं. त्याला वाटलं, झाड सगळं पाण्याचंच बनतं. तिथे तो चुकला, हवा त्याच्या हिशेबात नव्हती. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो पानांनी हवेतून घेतलेला असतो. त्या तुतीच्या एक्केचाळीस वर्तुळांत एक्केचाळीस वर्षांची हवा होती आणि मी ती पंधरा दिवसांत चुलीत घालून परत हवेत सोडली. ढोंगीपणा म्हणजे काय ते मला तू विचारू नकोस.

आणि "नातं वाटतं" म्हणजे काय गं? तुझ्या दारातल्या झाडाची पानं कधी गळतात? साल कुठल्या बाजूला जास्त खरखरीत आहे? मागच्या वादळात कुठली फांदी गेली? हे माहीत असेल तर नातं आहे, नसेल तर नुसतं वाटणं आहे. यात पोटाचाही प्रश्न आहे. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी, लाकूडसुद्धा. ज्या झाडाचं नाव ठाऊक नाही त्याचा चमचा तोंडात कसा घालशील? आधी झाड बघ म्हणतो ते नुसतं भावनेपोटी नाही.

कलेबद्दल राहिलं. स्वीडनमध्ये 1870 च्या दशकात ओट्टो सालोमन शिक्षकांना हस्तकाम शिकवायचे. मुलांना सुतार करणं हा त्यांचा हेतू नव्हता. वस्तूपेक्षा ती करणारं मूल घडणं महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं आणि अर्धं पटत नाही. मूल घडतं हे खरं, पण त्याच्या पायाशी पडलेल्या ढलप्याही कुठल्यातरी झाडाच्या असतात. वाईट चमच्याचं समर्थन "मी शिकतेय" एवढ्यावर करू नकोस. आणि त्या साखळीवाल्या चमच्याच्या नादी आत्ताच लागू नकोस. वेल्समधले तरुण प्रेयसीसाठी एकाच तुकड्यातून साखळ्या कोरायचे ते तू बघितलंयस, सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात असा 1667 सालचा प्रेमाचा चमचा आहे, सगळं खरं. पण तू आधी रोज वापरून न मोडणारा एक दांडा कर.

तयार चमच्याला वरून जवसाचं तेल चालेल, दोन पातळ हात. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात फेकू नकोस, तो वाळताना तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळत घाल.

त्या तुतीचा बुंधा त्यांनी उपटला नव्हता. पुढच्याच हंगामात कडेनं धुमारे फुटले. तुती तशी चिवट. त्यातले तीन त्यांनी राखले. आता ते मांडीएवढे जाड आहेत आणि दर वर्षी छाटणी होते. ते गृहस्थ गेले. त्यांचा मुलगा मला कळवतो आणि मी जातो. फांद्या घेतो, पण अजूनही त्याला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावत नाही आणि त्याने काही विचारलं तर "वाटतंय" म्हणत नाही.

या छाटणीला तू ये. चाकू आणू नकोस, पहिल्या दिवशी लागणार नाही. ते तीन मोडके चमचे फेकले नसतील तर मात्र घेऊन ये, ती तोंडं मला हातात घेऊन बघायची आहेत.

तुझा,
काका
(पुन्हा "सर" लिहिलंस तर उत्तर येणार नाही.)