मुलीला जुव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस (लहान मुलांच्या स्नायूंना आणि कातडीला सूज आणणारा आजार) आहे. स्टिरॉइड किती दिवस? घरातले मोठे म्हणतात, ते बंद करून काढा द्या. चालेल का?

नाही चालणार. प्रश्नात "घरातले मोठे म्हणतात" वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या लेकीला हा आजार सहाव्या वर्षी झाला. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर निम्म्यातच "उचलून घे" म्हणत बसली, तर सगळे म्हणाले, लाडावलीय. जमिनीवरून उठताना आधी ओणवी व्हायची, मग मांड्यांवर हात रोवत उभी राहायची. पापण्या जांभळट, बोटांच्या सांध्यांवर लाल खरखरीत पुटकुळ्या. त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं. फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. "नुसतं कातडीचं नाही, स्नायूंचंही आहे," म्हणाल्या.

उपचार लागू पडत होते. दिवाळीत ती दिंडोरीकडे गावी राहिली, मला ड्युटी होती. मोठ्या दिरांनी परस्पर गोळ्या बंद करून काढा सुरू केला, का तर स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात. मी पोचले तेव्हा लेकरू उलट्या करून निपचित पडलेलं. आवाज नाकातला, पाणी पाजलं तर नाकातून परत. घशाचे स्नायू दुबळे झाले होते. शिवाय बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड एकदम तोडलं की शरीर स्वतःचं लगेच बनवू शकत नाही, मूल कोसळतं. अ‍ॅडमिट करून सलाइनमधून द्यावं लागलं. पुढे कोपराला कॅल्शियमच्या गाठी आल्या. एक फुटली, तर ओल्या खडूसारखं पांढरं बाहेर आलं. आजार जितका धुमसत राहतो तितका या गाठींचा धोका वाढतो.

भाऊजी अजून म्हणतात, गाठी गोळ्यांनीच आल्या. हाडांचं त्यांचं खरं आहे, पण त्यासाठीच सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात, मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारं दुसरं औषध) लावून स्टिरॉइड टप्प्याटप्प्याने उतरवतात. चेहऱ्याची सूजही डोस उतरला की उतरते. नातेवाइकांच्या भीतीपायी मुलीचे स्नायू पणाला लावायचे नाहीत, कोणी कितीही मोठं असो.

किती दिवस, तर साधारण दोन वर्षं धरून चाला. काहींना जास्त लागतात. मी डॉक्टर नाही, डोस तुमचे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच (अशा आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर) ठरवतील. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावा. उन्हात पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन. गोवर-कांजिण्यांच्या लशीआधी विचारा, आणि वर्गात कोणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.