बेळगावहून रामेश्वरला जायचं आहे. पांबनला, म्हणजे समुद्र ओलांडून रामेश्वरच्या बेटावर जाताना, रेल्वे आणि मोटारी एकाच पुलावरून जातात का?

नाही, दोन वेगळे पूल शेजारी शेजारी आहेत. मी जाताना रेल्वेने, येताना मोटारीने आलोय. मोटारींचा पूल १९८८चा. त्याआधी बेटावर जायला रेल्वे नाहीतर बोट. रेल्वेचा मूळ पूल १९१४चा. खाऱ्या हवेने त्याचं लोखंड गंजलं, डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या थांबल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा एक गाळा लिफ्टसारखा सरळ वर जातो, खालून जहाजं निघतात. आपल्या घटप्रभा नदीच्या पुलाला असलं काही लागतच नाही, तेव्हा मुद्दाम बघा. फक्त वारा फार असला की गाडी अडवून ठेवतात, म्हणून पुढची गाडी लगेचची धरू नका.