राखीव उपग्रहाचे कागद करताना

अमेरिकेच्या एफसीसीकडे (उपग्रहांना परवाने देणारा तिथला दूरसंचार आयोग) पहिल्यांदाच राखीव उपग्रहांचे, म्हणजे चालू उपग्रह बंद पडला तर त्याच्या जागी वापरायच्या उपग्रहांचे, कागद करतोयस, तर आधी हे पक्कं कर: राखीव कक्षेत आहे की जमिनीवर? सगळं त्यावर ठरतं.

इरिडियम या उपग्रह-फोन कंपनीचं जाळं बघ. सहा कक्षाप्रतलं (पृथ्वीभोवती वेगवेगळ्या दिशांनी कललेल्या फिरण्याच्या पातळ्या), प्रत्येकात 11, असे 66 चालू उपग्रह, सुमारे 780 किलोमीटरवर. 10 फेब्रुवारी 2009 ला ‘इरिडियम 33’ बंद पडलेल्या रशियन ‘कॉसमॉस 2251’वर सायबेरियाच्या आकाशात आदळला. महिन्याभरात राखीव उपग्रह त्या जागी आला, कारण तो आधीच वर फिरत होता. (एका प्रतलातून दुसऱ्यात जायला इंधन फार लागतं, म्हणून राखीव कुठे ठेवलाय याला एवढं महत्त्व.)

अशा जाळ्याला एकत्रित परवाना मिळतो, म्हणजे सगळ्या उपग्रहांना मिळून एकच. त्यात तांत्रिकदृष्ट्या हुबेहूब राखीव मंजूर असतील, तर ते चालू करायला वेगळा अर्ज लागत नाही. पण चालू केल्यापासून 30 दिवसांत कळवायचं, आणि चालू उपग्रहांची मंजूर संख्या ओलांडलेली नाही हे प्रमाणित करायचं. ही मुदत कॅलेंडरवर आजच टाक. धावपळीत नेमकी तीच राहते.

‘हुबेहूब’ या शब्दाशी खेळू नकोस. अँटेना किंवा फ्रिक्वेन्सी बदलली असेल तर सरळ परवान्यात दुरुस्ती माग. जमिनीवरचा राखीव अवकाशात सोडायला मात्र मंजुरी लागतेच.

आणि मूळ अर्जातच राखीव कोणत्या उंचीवर थांबणार, तिथे त्याला आज्ञा कुठल्या फ्रिक्वेन्सीवर जाणार, शेवटी तो खाली कसा आणणार, हे लिही.