देवाचं वकीलपत्र तुझ्याकडे नाही

प्रिय मावशी,
जय ख्रिस्त. मी राहुरी तालुक्यात राहते, वय 34. गेल्या वर्षी ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सोमवारी आणि गुरुवारी नगरला डायलिसिसला नेते. दर खेपेला पैसे भरून भरून साठवलेलं सगळं संपलं. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक आधी आमच्यासाठी रडले. आता म्हणतात, घरात कबूल न केलेलं काहीतरी पाप असेल. पुढच्या महिन्यात बाहेरगावचे एक सेवक येणार आहेत, प्रार्थनेनं आजारी बरे करायची आरोग्यसभा आहे, नेमकी गुरुवारी. एक बंधू म्हणाले, त्या दिवशी मशीनवर नेऊ नका, सभेला आणा, विश्वासाचं पाऊल टाका, आणि बीज म्हणून पाच हजार पेरा, म्हणजे सेवकांना दान द्या. सासूबाईंचं म्हणणं, नेऊ या. रविवारी मला साक्षीला उभं करतात. "देव चांगला आहे" एवढं म्हणते आणि खाली बसते, खोटं बोलल्यासारखं वाटतं. रात्री प्रार्थनेला बसले की रागच येतो. झोप नाही. दहा वर्षांचा मुलगा विचारतो, "रोज प्रार्थना करतो ना आपण, मग पप्पा बरे का होत नाहीत?" माझा विश्वास संपला का, मावशी? देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय?
– एक भगिनी

बाळ,

आधी गुरुवारचं बघू, बाकीचं थांबू शकतं. डायलिसिस चुकवायचं नाही. गुरुवार गेला की सोमवार ते सोमवार, सात दिवस रक्त साफ होणार नाही. अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसांत उतरलं की माणसाला आडवंसुद्धा होता येत नाही, आणि पोटॅशियम वाढलं तर हृदय कसलीही चाहूल न देता दगा देतं. सभेला जायची तुझ्या नवऱ्याची स्वतःची इच्छा असेल, तर मशीनवरून उतरल्यावर, अंगात त्राण असेल तर खुशाल जाऊ देत. देवाला त्यांना बरं करायचं असेल, तर चार तास मशीनला जोडलेला माणूस देवाला अडचणीचा नाही. आणि खरंच बरे झाले, तर ते रक्ताच्या तपासणीत दिसेल, डॉक्टरच म्हणतील की आता यायची गरज नाही. तोवर एकही खेप चुकवायची नाही. हे सासूबाईंना सांगायला तुला जड जात असेल, तर पुढच्या खेपेला त्यांनाच सोबत ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

"विश्वासाचं पाऊल" म्हणणाऱ्या बंधूंना एक वचन वाचायला सांग. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल सहज लिहून जातो, की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते, तोच हा पौल. आपल्या सोबत्याला आजारीच मागे ठेवून पुढे गेला, आणि त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं एका शब्दानं म्हणाला नाही. तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं, तर त्याला औषधासारखा थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. पौलाबरोबर शेवटपर्यंत राहिलेला लूक तर पेशानंच वैद्य. औषध घेणं म्हणजे अविश्वास, हे या मंडळींनी आणलं कुठून, मला आजवर कळलेलं नाही.

पाच हजाराचं उत्तर: द्यायचे नाहीत. सारफथच्या विधवेची गोष्ट तुला ऐकवतील, तिनं दुष्काळात शेवटचं मूठभर पीठ एलीया संदेष्ट्याला दिलं म्हणून. त्या गोष्टीत ते पीठ पुढे संपलं नाही आणि ती, तिचा मुलगा आणि एलीया, तिघं त्याच घरात बसून जेवली, हे मात्र सांगायचं राहून जातं. जो एलीया मागतो तो तिच्याच घरी राहतो. तुझे पाच हजार घेऊन सेवक दुसऱ्या गावाला जाणार आहेत. नवस सोडले म्हणून आपण अभिमानानं सांगतो, आणि पावतीपुस्तक तेवढं बदलतो.

आता पापाचं. आंधळा जन्मलेला माणूस बघून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? त्यानं दोघांचंही नाही म्हणून सांगितलं. प्रश्न विचारणारे शिष्य होते, परके नव्हते, हे लक्षात घे. मंडळीतली माणसं दुष्ट नाहीत. त्यांना भीती वाटते. तुझ्या नवऱ्याच्या आजाराला काही कारण सापडलं, तर ते कारण आपल्या घरात नाही असं म्हणून त्यांना रात्री झोप लागते. तुझी झोप गेली ती त्यांना मिळाली, असं म्हण हवं तर.

पुढच्या वेळी कोणी विश्वास कमी पडल्याचं बोललं, तर पंडिता रमाबाईंचं नाव काढ. त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली झालेल्या जागरणाचे, म्हणजे भक्तीच्या मोठ्या लाटेचे, दाखले याच सभांमधून दिले जातात. केडगावच्या त्या बाईंचा विश्वास कमी होता असं म्हणायची छाती महाराष्ट्रात कोणाची होणार नाही. आता त्यांचं आयुष्य बघ. आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि 1882 च्या फेब्रुवारीत नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधीचं, कोणी म्हणेल. बाप्तिस्मा 1883 चा. मग पुढचं ऐक. इंग्लंडला वैद्यकी शिकायला गेल्या होत्या, ते ऐकू कमी येतं म्हणून राहून गेलं, आणि तो बहिरेपणा जन्मभर गेला नाही. शेकडो बायका-मुली रात्रंदिवस प्रार्थना करत होत्या त्या आवारात राहून गेला नाही. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, एकुलती एक, मिशन जिच्या हाती द्यायचं तीच. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. मधल्या महिन्यांत काय करत होत्या? मराठी बायबलच्या भाषांतराचं काम. मनोरमा का गेली याचं उत्तर त्यांना मिळालं होतं असं मला वाटत नाही. तरी त्या रोज कामाला बसत होत्या.

तू विचारतेस, भरवसा ठेवायचा म्हणजे करायचं काय. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मला दिसलं ते असं, की वर्षभर तू देवावर भरवसा ठेवण्यापेक्षा देवाची बाजू सांभाळण्यात जास्त दमली आहेस. रविवारी मंडळीसमोर, सासूबाईंसमोर, पोरासमोर. देवानं अजून काही केलं नाही, म्हणून त्याच्या वतीनं तूच खुलासे देत फिरतेस. हे वकीलपत्र तुला त्यानं दिलेलं नाही. परत कर.

बायबलमधल्या ईयोबाकडे बघ, ज्याची दहाही लेकरं गेली आणि अंगभर फोड आले. आपल्याकडे प्रत्येक मयतीला त्याचं एकच वाक्य म्हटलं जातं, "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले." ते पहिल्या अध्यायातलं. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शिव्याशाप देतो, आणि पुढे कितीतरी अध्याय देवाशी भांडतो, मला समोर ये, माझा गुन्हा काय ते सांग, म्हणतो. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसून होते, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि देवाची वकिली सुरू केली, तुझ्या मंडळीसारखीच. शेवटी देव बोलला तेव्हा रागावला कोणावर? त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं अलीफजाला सरळ सुनावलं. भांडणारा खरा ठरला, समजूत घालणारे खोटे. आणि ईयोबाला कारण सांगितलं का? नाही. शेवटपर्यंत नाही.

जाता जाता, ईयोबाच्या बायकोबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. तिला पुस्तकात एकच वाक्य आहे, तेही कडू, आणि त्या वाक्यासाठी प्रवचनांतून तिला आजवर बोल लावले जातात. ती दहा लेकरं तिचीही होती. राखेत बसलेल्या नवऱ्याच्या फोडांकडे तीही बघत होती. तिच्याजवळ कोणी सात दिवस गप्प बसलं नाही. तुझ्याजवळ बसलं का कोणी?

तर राग. देवावर येतो तो देवालाच सांग. इकडेतिकडे सांगून विरायचा नाही. स्तोत्र 88 काढ आणि मोठ्यानं वाच, दार लावून. बाकीच्या बहुतेक विलापांच्या शेवटी कुठेतरी "तरीही" येतं. यात येत नाही, काळोखावरच संपतं. आणि तरी ते काढून टाकलं नाही, भक्तीच्या पुस्तकातच ठेवलं. मार्था आणि मरिया, दोघी बहिणी येशूला तेच बोलल्या, तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. निरोप वेळेत धाडला होता, तो मुद्दाम दोन दिवस थांबला होता. दोघींनी तोंडावर सांगितलं. त्यानं कोणालाही दटावलं नाही. मरियेला रडताना पाहून तो स्वतःच रडला. आणि ज्यानं वधस्तंभावर बाविसावं स्तोत्र ओरडून म्हटलं, माझा त्याग का केलास म्हणून, त्याच्यापुढे तुझा राग काही मोठा नाही.

ज्याच्यावर विश्वास संपला त्याच्यावर माणूस रात्री दोन वाजता चिडत बसत नाही. एवढंच मला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे.

साक्षीला उभं केलं तर म्हण, "आम्ही अजून डायलिसिसवर आहोत. मला देवाचा राग येतो. मी प्रार्थना करते. तुम्हीही करा." आणि खाली बस. एवढंही म्हणवत नसेल, तर पाळकसाहेबांना आधीच सांग, काही महिने मला उभं करू नका. ते समजूतदार असतील तर ऐकतील, नसतील तर तू मागच्या बाकावर बस आणि फक्त गाणी ऐक. ज्या दिवशी स्वतःच्या तोंडून प्रार्थना निघत नाही, त्या दिवशी दुसऱ्यांच्या आवाजात बसायलाच तर मंडळी असते. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना नेमकं काम सांग. एकानं महिन्यातले दोन गुरुवार गाडीवरून नेऊन आणायचं. एकीनं डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळची भाकरी-भाजी पाठवायची, मीठ कमी घालून. आरोग्यसभेपेक्षा हे स्वस्त पडतं.

मुलाला "होतील हं बरे" असं वचन देऊ नकोस. ते तुझ्या हातात नाही, आणि उद्या तो देवालाही खोटं ठरवेल आणि तुलाही. त्याला सांग, पप्पांच्या किडन्या काम करत नाहीत, म्हणून मशीन ते काम करतं. प्रार्थनेचं विचारलं तर म्हण, मलाही कळत नाही, मीही देवाला तेच विचारते, चल दोघं मिळून विचारू. पौलानं अंगातल्या काट्यासाठी, म्हणजे न हटणाऱ्या त्रासासाठी, तीनदा मागणं केलं आणि काटा निघाला नाही, हे त्याला जरा मोठा झाला की सांग. दहा वर्षांच्या पोराला तेवढं कळतं, आपण समजतो त्याहून जास्तच.

एक गोष्ट मला सलली. एवढ्या मोठ्या पत्रात तुझ्या नवऱ्याचं एकही वाक्य नाही. सासूबाई काय म्हणतात, बंधू काय म्हणतात, पोरगं काय विचारतं, सगळं आहे. हात त्यांचा टोचला जातो, पाणी त्यांना मोजून प्यावं लागतं, आणि सभेला न्यायचं की नाही यावर बाकी सगळ्यांची मतं आहेत. त्यांना विचार. ते घाबरलेत का, देवाविषयी त्यांना काय वाटतं, मंडळीत कोणी त्यांच्या डोक्यावर हात ठेवलेला त्यांना आवडतो की लाज वाटते. नगरच्या त्या चार तासांत तू बाहेर बाकावर बसून असशील. आत सोडत असतील तर जवळ बस, नाहीतर परतीच्या एसटीत बोला. तुम्ही दोघं एकमेकांपासून आपापला राग लपवत असाल, अशी मला दाट शंका आहे.

पैशाचं तू एका ओळीत लिहिलंस, पण त्याच ओझ्यानं निम्मी झोप गेली असणार. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेच्या मदतनिसाची, खुर्ची असते, त्याला शिधापत्रिका, आधार आणि डॉक्टरांचे कागद दाखव. तुमचं केंद्र योजनेत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची चौकशी कर. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेट, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेव. प्रत्यारोपणाचं डॉक्टरांनी अजून काढलं नसेल तर तूच विचार. लगेच निर्णय घ्यायचा नाही, माहिती घेऊन ठेवायची. आणि झोप महिनाभर अशीच जात असेल, तर 14416 हा मनाच्या त्रासासाठीचा टेलीमानसचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवानं त्याला आधी झोपू दिलं, मग देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं पुष्कळ नंतर, होरेबावर.

या आठवड्यात आधी आरोग्यमित्राला गाठ. पाळकसाहेबांशी बोलणं रविवारी.

तुझी,
मावशी