आभार का मानले, याविषयी

चि. मनू,

नगरपरिषदेच्या सभेतून परतताना गाडीत तू विचारलेस, "आई, ते लोक आपले वाचनालय रविवारी बंद करायला निघाले आहेत, आणि तू त्यांचे आभार कसले मानत होतीस? आपल्याकडे सगळे असेच घाबरून बोलतात का?" तो प्रश्न मला लागला. एका वाक्यात सांगण्यासारखे उत्तर जवळ नव्हते, म्हणून हे लिहिते आहे.

चारचौघांत बोलायला मी शिकले ती आबांच्या मागे बसून. साक्री तालुक्यातले आपले गाव तू पाहिलेस, पण पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर चालणारे फड, म्हणजे एकाच पाटाच्या पाण्यावर भिजणारे शेतांचे गट, तुला पाहायला मिळाले नाहीत. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, यंदा ऊस कोणत्या फडात हे सगळ्यांनी बसून ठरवायचे आणि पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी द्यायचे, अशी ती रीत लोकांनीच शेकडो वर्षे सांभाळलेली होती. आबा पंच होते. मारुतीच्या पारावरच्या त्या बैठकीत कोणी कोणाला नुसत्या नावाने हाक मारत नसे. आप्पा, नाना, जिभाऊ असेच चाले.

एकदा एका शेतकऱ्याने रात्री पाट फोडून दुसऱ्याच्या पाळीचे पाणी आपल्या उसाला घेतले. सगळ्यांना ते ठाऊक होते आणि ज्याचा गहू सुकत होता तो मुठी आवळून बसला होता. आबा एवढेच म्हणाले, "जिभाऊ, रातले पानी तुम्हना वावरमा गयं. काय अडचन व्हती?" तो माणूस बराच वेळ टोपीची घडी घालत आणि मोडत राहिला, आणि मग स्वतःच्या तोंडाने सगळे बोलला. त्याला दंड झाला, तो पूर्ण वसूल झाला, आणि पुढच्या बैठकीला तो आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसला. आबांनी त्याला चोर म्हटले असते तर तो पुन्हा आला नसता, आणि पाट तर त्याच्याच बांधावरून पुढे जात होता.

म्हणून मी आभार मानले. त्या नगरसेवकांनी सभा बोलावली, आमचे ऐकून घेतले, तेवढ्यापुरते ते आभार खरे होते. त्यानंतर मी हेही म्हटले की, रविवार हा एकच दिवस कामकरी आईबापांना मुलांबरोबर तिथे जाता येते, आणि हा निर्णय आम्हाला मान्य नाही. हे वाक्य मी कुठेही मवाळ केले नाही. तुला आधीचेच अधिक ऐकू आले असेल, तर कदाचित मी ते लांबवले असेल.

तरीही तुझ्या प्रश्नातले सगळेच मला खोडता येत नाही. त्याच पाराखाली आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, उभा असे. त्याला कोणी जिभाऊ म्हणत नसे. आबासुद्धा त्याला अरे-तुरेच करत, आणि तो वयाने आबांपेक्षा मोठा होता. त्याने आवाज चढवला असता तर त्याला उद्धट म्हटले असते. आजीला आणि मला बैठकीत बोलायची मुभाच नव्हती. ज्यांच्या हाती जमीन होती त्यांनी आपसांत राखलेले ते सौजन्य होते, हे मला आज दिसते. तेव्हा कोणालाच ते खटकत नव्हते, याचा मला त्रास होतो.

पण मऊ बोलणे म्हणजे दबणे, हे मात्र मी मानणार नाही. आपल्या अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी अतिशय हळवे बोलत, आणि त्यांनीच 1947 साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. मंदिर खुले झाले. त्यांचा गोडवा पाराखाली उभ्या असलेल्या माणसासाठी होता, आणि आमच्या बैठकीत नेमके तेच उणे होते असे मला वाटते.

पुढच्या सभेत तुला बोलायचे असेल तर तुझ्या रीतीने बोल. आभार मानलेच पाहिजेत असा माझा आग्रह नाही. फक्त रविवारी वाचनालयात काम करणाऱ्या त्या दोघींना आधी विचार की त्यांना काय हवे आहे, कारण त्या दिवशी त्यांच्याविषयी सगळे बोलले आणि त्यांना कोणी बोलू दिले नाही.

तुझी,
आई